माशाचा आतला रंग

वन्यजीव खात्याच्या प्लूर्द मॅडमनी तळघरातल्या फ्रीजरचं झाकण उचललं, तेव्हापासून पुढचे आठ दिवस रेझाँला अन्न गोड लागलं नाही.

मॅडम तिशीच्या आसपासच्या, बोलायला मऊ, आणि तेच वाईट होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. ही बाई एकेक पाकीट बाहेर काढायची, दिव्याखाली धरायची, वहीत काहीतरी लिहायची आणि पाकीट होतं तिथे अगदी नीट ठेवून द्यायची. एक्केचाळीस ट्राउट मासे निघाले. सगळे साफ केलेले, डोकी काढलेले, आणि आतून लालबुंद.

"आणि हे सगळे तुमच्या घरामागच्या तळ्यातले," मॅडम म्हणाल्या.

"हो तर," रेझाँ म्हणाला. पिल्लं विकत घेतल्याची पावती त्याने आधीच काढून ठेवली होती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दोनशे पिल्लं. पावती खरी होती, सहीशिक्क्याची होती. ती दाखवताना त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि याचं त्यालाच कौतुक वाटलं.

मग मॅडमनी विचारलं, माशांना खायला काय घालता. आता यात काय लपवायचं, म्हणून रेझाँने त्यांना मागच्या छपरीत नेऊन दाण्याची पोती दाखवली. मॅडम खाली वाकल्या आणि पोत्यावरचं बारीक अक्षर बोट ठेवून वाचत गेल्या. शाळेतली पोरगी धडा वाचते तशा. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्या सरळ उभ्या राहिल्या.

"या दाण्याने मांस लाल होत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "लाल करणारा दाणा वेगळा येतो, महाग असतो. हा खाल्लेला मासा आतून पांढराच राहतो. रानातल्या सरोवरातला मासा लाल निघतो, कारण तो तळाचे बारीक झिंगे खातो."

मॅडमनी पुढचं सांगितलं तेही त्याच सुरात. खात्याला कोणाचा तरी फोन आला होता. पेर्दी सरोवरातले मासे फार कमी झाले म्हणून यंदा तिथे मासेमारीला पूर्ण बंदी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. रेझाँचं नाव खात्याच्या दफ्तरात पूर्वीही एकदा येऊन गेलंय, हेही त्या म्हणाल्या, पण अगदी ओशाळून.

एवढ्यात नोएला कॉफीचे पेले घेऊन छपरीच्या दारात आली. रंगाचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं. नोएला म्हणजे रेझाँची बायको, लग्नाला अडतीस वर्षं झालेली, उंचीने बेताची आणि शब्दाला पक्की. तिने पेला मॅडमच्या हातात दिला, एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "आमचे मासे लालच आहेत, मॅडम. एवढी शंका असेल तर उघडून बघा ना. कुठलाही काढा."

हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की रेझाँला तिथल्या तिथे पोत्यावर बसावंसं वाटलं.

मॅडमना ही कल्पना पसंत पडली. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर उत्तराला दोन-तीन महिने लागतात, त्यापेक्षा हे सोपं. पण आज त्या एकट्या होत्या आणि अशा कामाला दुसरा अधिकारी साक्षीला लागतो. पुढच्या बुधवारी सकाळी दोघं येऊ, म्हणाल्या. तोवर तळ्यातला एकही मासा बाहेर काढायचा नाही, खाणं मात्र नेहमीसारखं घालत राहायचं. त्यांनी फ्रीजरवर पिवळी पट्टी चिकटवली, कॉफी संपवली, पेला स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

"पोरगी चांगली आहे," नोएला म्हणाली. "उगाच कोणीतरी चुगली केली आणि तिला हेलपाटा पडला."

रेझाँने मान हलवली. तळ्यातले मासे आतून पांढरेफटक होते. हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण जूनमध्ये त्यानेच ते स्वतःच्या हाताने कापले होते.

त्या जूनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या त्या डोंगराळ भागात घरामागे तळं खणून ट्राउट पाळणं काही नवं नव्हतं. प्रत्येक तिसऱ्या घराला एक तळं होतं, आणि प्रत्येक तळेवाल्याला आपलाच मासा गावात सरस वाटत असे. सरस म्हणजे लाल. चवीत फरक नसतो असं शहाणी माणसं सांगतात, पण लोण्यात तळलेला मासा काट्याने उकलला आणि आतून पांढरा निघाला, की खाणाऱ्याचा चेहराच पडतो. रेझाँने लाकूड गिरणीतून निवृत्त झाल्यावर तळं खणलं, वर्षभर मासे वाढवले आणि जूनच्या शेवटच्या रविवारी बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला, फेर्नांला, पहिल्या माशांच्या जेवणाला बोलावलं. फेर्नांने पहिला तुकडा उकलला आणि शेजारच्या बटाट्याशी धरून पाहिला.

"मेहुणे," तो म्हणाला, "यातला मासा कुठला आणि बटाटा कुठला, तेवढं एकदा सांगा. म्हणजे मीठ कशावर टाकायचं ते ठरवतो."

सगळे हसले. नोएला हसली नाही, पण रेझाँने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मतान बंदरातल्या कारखान्यातून कोळंबीची सालं आणून माशांना घाल, आठ-दहा आठवड्यांत लाल होतील, असा सल्लाही फेर्नांने दिला. रेझाँचा पारा चढला. माझ्या तळ्यात मी कोणाचा कचरा टाकणार नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि एकदा सगळ्यांसमोर म्हटल्यावर रेझाँ कधी शब्द मागे घेत नसे. माणूस वाईट नव्हता. फक्त चारचौघांत कोणी हसलं की त्याची अक्कल गहाण पडायची.

ऑगस्टात नोएलाचा साठावा वाढदिवस आला. घरी अठरा माणसं जेवायला, त्यात फेर्नांही. रेझाँने महिनाभर विचार केला आणि मग तीन वेळा पहाटेच उठून पेर्दी सरोवरावर गेला. मशरूम शोधायला जातो म्हणून सांगायचा आणि खरंच थोडी मशरूमही आणायचा. वाढदिवसाला ताटात लालबुंद मासे पडले तेव्हा फेर्नांने गुपचूप तिसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि रेझाँने छाती फुगवून सांगितलं की हा सगळा आमच्या झऱ्याच्या पाण्याचा गुण. नोएला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून गालातल्या गालात हसत होती. रेझाँला वाटलं, वाढदिवसामुळे खूश आहे. उरलेले मासे त्याने फ्रीजरमध्ये टाकले. तिथेच त्याचं चुकलं, पण मासा फेकून देणं त्याच्या हातून कधी झालंच नसतं.

दंडाची भीती त्याला फारशी नव्हती. गाडी जप्त होईल, परवाना कायमचा जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं होतंच. पण रेझाँला खरी भीती नोएलाची होती. तिच्या रागाचीही नव्हे.

नऊ वर्षांपूर्वी याच सरोवरातल्या माशांवरून तो एकदा पकडला गेला होता. तेव्हा त्याने मासे कोणीतरी भेट दिले म्हणून सांगितलं, आणि नोएलाने त्या थापेवर विश्वास ठेवून भर न्यायालयात उभं राहून सांगितलं की माझा नवरा खोटं बोलत नाही. अर्ध्या तासाने वकिलाने दोन प्रश्न विचारले आणि रेझाँने सगळं कबूल केलं. नोएला मागच्या बाकावर बसली होती. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली होती, "मासे मारलेस ते मारलेस. पण पुन्हा मला असं चारचौघांत खोट्याला उभं केलंस, तर मी मरियेतकडे निघून जाईन. आणि परत यायची नाही." मरियेत म्हणजे तिची धाकटी बहीण, मतानला राहणारी. नोएला कधी धमक्या देत नसे. जे करणार तेच सांगत असे.

आणि आता तिने पुन्हा, स्वतःहून, सरकारी माणसाला सांगितलं होतं: उघडून बघा.

त्या दिवशी रेझाँला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गावातल्या कोणाला कळू नये म्हणून लांबच्या एका मासेपैदास केंद्राला फोन लावला आणि स्वतःचं नाव न सांगता विचारलं की पांढरा मासा लाल व्हायला किती दिवस लागतात. पलीकडचा माणूस बोलघेवडा होता. रंगाचा दाणा रोज घातला तर दोन-अडीच महिने, म्हणाला. पाणी गार असेल तर आणखी जास्त, मासा कमी खातो ना. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे किती वेळ आहे? रेझाँने फोन ठेवून दिला.

तरीही तो दुकानात गेलाच. बुडत्या माणसाला कोण सांगणार. लाल मिरचीची बिनतिखट पूड होती तेवढी सगळी घेतली, सहा किलो गाजरं घेतली. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, घरी पाहुणे येणार का. तर हो म्हणाला. संध्याकाळचं खाणं तोच घालत असे, सकाळचं नोएला. त्या संध्याकाळी त्याने किसलेली गाजरं आणि मिरचीची पूड दाण्यात कालवून तळ्यात टाकली. ऑक्टोबरचं पाणी गारठलेलं. मासे वर आले, दाणे टिपले आणि गाजर सोडून खाली गेले. पाण्यावर किसाची तांबडी साय तरंगत राहिली. कोणी पाहील म्हणून त्याने ती हातजाळ्याने काढायला घेतली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण हातात जाळं घेऊन तळ्याकाठी उभे आहोत. रस्त्यापलीकडे राहणारा म्हातारा क्लेर्माँ दिवसभर खिडकीत बसलेला असतो. रेझाँने जाळं गवतात टाकलं आणि दोन्ही हात खिशात घातले. रिकामे हात घेऊन घरी येताना तो स्वतःच्याच अंगणात चोरासारखा चालत होता.

एक मासा उघडून बघावा, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. दिवसातून दहा वेळा यायचं. पण काढायला बंदी होती, आणि खरं सांगायचं तर बंदी नसती तरी त्याने तो उघडला नसता. न उघडलेल्या माशात अजून थोडी जागा होती. उगाच, वेडी जागा. काहीतरी चमत्कार झाला असेल, झऱ्याच्या पाण्यात खरंच गुण असेल. उघडला की ती जागा संपली.

घरात नोएलाचं आपलं नेहमीचं चाललेलं. सकाळी सातला उठून ती माशांना घालायची, मग भोपळ्याच्या बरण्या भरायची. उन्हाळाभर तिच्या स्वयंपाकघरातून कोळंबीचा वास येत होता. मरियेत झाकणाच्या बादल्या भरभरून सालं पाठवायची आणि नोएला ती भट्टीत वाळवून दळायची. बटाट्याच्या वाफ्याला घालते म्हणाली होती. रेझाँने जुलैत दोनदा नाक मुरडून पाहिलं आणि मग सोडून दिलं. बागेचं खातं तिचं होतं.

शनिवारी जेवताना तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं. पाटे शिनुआ त्याच्या आवडीचा, खिमा आणि मका आणि वर बटाटा, आणि त्याने तो नुसता चिवडला होता.

"तुला बरं नाही का?" तिने विचारलं.

"पोटात जरा गडबड आहे."

"मी त्या मॅडमना उघडून बघा म्हटलं, ते बरोबर केलं ना, रेझाँ?"

तिने प्रश्न सरळ विचारला होता आणि ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती. सांगायचं असतं तर ही वेळ होती. बुधवारी मॅडम येण्याआधी तिला सावध तरी करता आलं असतं; तिचा शब्द तिला मागे घेता आला असता. रेझाँने पाण्याचा घोट घेतला.

"बरोबरच केलंस," तो म्हणाला.

"मग ठीक," ती म्हणाली, आणि ताटं उचलायला लागली.

सोमवारी सकाळी एक मासा मरून वर आला. रेझाँ काठावरची पानं ओढत होता तेव्हा त्याला तो दिसला, झऱ्याच्या तोंडाशी, पोट वर करून. ताजा होता, डोळे अजून स्वच्छ होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. क्लेर्माँची खिडकी त्या कोपऱ्यातून दिसत नाही. हा मासा त्याने काढला नव्हता, मासा आपणहून आला होता. यावर कोणाची बंदी नव्हती. खिशात सुरी होती, बापाची, हाडाच्या मुठीची. त्याने मासा उचलला, डाव्या हातावर आडवा धरला आणि सुरी उघडली.

सुरीचं टोक पोटाला टेकलं आणि तिथेच थांबलं. आत्ता, एका रेघेत, सगळं कळणार होतं. पांढरा निघाला, आणि निघणारच होता, तर उरलेले दोन दिवस तो नोएलाच्या समोर कसा बसणार होता? अजून दोन दिवस न कळता काढता येत होते. त्याने सुरी मिटली. मासा कुंपणापलीकडे, देवदारांच्या खाली, होता नव्हता त्या जोराने भिरकावून दिला. रात्री कोल्हा नेईल. मग गुडघ्यांवर हात ठेवून तो बराच वेळ वाकून उभा राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, आणि गवतावर तर दहिवर गोठलेलं.

घरात आला तेव्हा नोएला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून भांडी पुसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी ती फारशी बोलली नाही, आणि रेझाँच्या ते लक्षातही आलं नाही. माणूस स्वतःच घाबरलेला असला की दुसऱ्याचा चेहरा वाचत नाही.

बुधवारी साडेनऊला हिरवी गाडी अंगणात शिरली. प्लूर्द मॅडमबरोबर एक उंच, अबोल अधिकारी होता. रेझाँने सकाळीच दाढी केली होती आणि दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. नोएला शाल पांघरून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता, आणि त्याला वाटलं, हे शेवटचं. अजून अर्धा तास हा खांदा इथे आहे. एकदा वाटलं की आत्ताच सांगून टाकावं, सगळ्यांसमोर, तळ्याकाठी. पण सांगितलं नाही.

उंच अधिकाऱ्याने मूठभर दाणे फेकले, मासे वर आले, आणि त्याने हातजाळ्याने एक उचलला. चांगला वीतभर लांब, पोटाखाली शरदातला तांबडा रंग चढलेला. मॅडमनी तो फळीवर घेतला, डोक्यावर एक टोला घातला आणि सुरी लावली. रेझाँने डोळे मिटले. कातडी फाटल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

"लाल आहे," मॅडम म्हणाल्या.

रेझाँने डोळे उघडले. फळीवर मासा दुभंगून पडला होता, आणि त्याचं मांस लाल होतं. फ्रीजरमधल्यांइतकं गडद नव्हे, थोडं केशरीकडे झुकणारं, पण लाल. उंच अधिकाऱ्यालाही तेवढाच फरक दिसला. तो जरा फिका आहे म्हणाला, आणखी एक बघू. दुसरा मासा उघडला. तो तर पहिल्यापेक्षा गडद निघाला. अधिकाऱ्याने खांदे उडवले.

"पण त्या दाण्याने हे कसं झालं?" मॅडमनी विचारलं. या वेळी संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

रेझाँला खरंच काही माहीत नव्हतं. नोएला घरात गेली आणि एक मोठी काचेची बरणी घेऊन आली. बरणीत गुलाबी पूड होती. झाकण काढलं तसा उन्हाळाभरचा तो वास आला.

"कोळंबीची सालं," ती मॅडमना म्हणाली. "जूनच्या शेवटापासून घालतेय, रोज सकाळच्या दाण्यात दोन मुठी. यांना सांगितलं नव्हतं. यांना आवडलं नसतं."

मॅडम मनापासून हसल्या. त्यांनी नोएलाला भट्टी किती गरम ठेवायची, दळायचं कशात, असं सगळं विचारून घेतलं. त्यांच्या वडिलांचंही तळं आहे म्हणाल्या. मग फ्रीजरवरची पिवळी पट्टी काढली, त्रास दिल्याबद्दल दोन-दोनदा माफी मागितली, कागदावर सही घेतली आणि गाडी निघून गेली.

रेझाँ तळ्याकाठच्या दगडावर बसला, आणि त्याला एकदम हसू यायला लागलं आणि रडूही. वाचलो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. या बाईने वाचवलं. त्याला नोएलाचे पाय धरावेसे वाटले, पण ती फळीवरचे दोन्ही मासे घेऊन आत गेली होती.

तिने ते लोण्यात तळले, बटाटे उकडले आणि ताट त्याच्यासमोर ठेवलं. स्वतःसाठी वाढलं नाही. समोर बसली.

"फेर्नां हसला त्या दिवशी तू रात्री झोपला नव्हतास," ती म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी मरियेतला फोन केला. म्हटलं, होतील तेव्हा होतील, मग एक दिवस तूच कापशील आणि बघशील. माझ्या वाढदिवसाला ताटात लाल मासे आले तेव्हा मला वाटलं, झालं आपलं काम. तू पाण्याचा गुण सांगत होतास, आणि मी म्हटलं, सांगू दे बापडा."

"नोएला, तू..." रेझाँ म्हणाला. "मला नुसतं सांगितलं असतंस तर."

"वाढदिवसाचे मासे तूच धरलेस, तूच कापलेस. तळ्यातले असते तर ते लाल आहेत हे तुला माझ्याआधी माहीत असतं. मग तू आठ दिवस जेवला का नाहीस?"

रेझाँने काट्याला घास लावला होता. तो तसाच राहिला.

"मी मनाला समजावत होते की सरकारी माणसांना सगळेच घाबरतात," नोएला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. उलट थकल्यासारखा होता. "शनिवारी विचारलं तुला. सोमवारी तो मेलेला मासा तुझ्या हातात होता, रेझाँ, सुरीही होती. मी खिडकीतून बघत होते. ज्याचे मासे खरे होते तो उघडून बघेल आणि हसत घरात येईल, म्हणून मी टॉवेल हातात धरून वाट बघत होते. तू तो जंगलात फेकून दिलास."

बाहेर क्लेर्माँचं कुत्रं भुंकत होतं. रेझाँला काहीतरी बोलायचं होतं: तुझ्या वाढदिवसासाठीच गेलो होतो, फक्त तीनदा, परत कधी नाही. सगळं खरं होतं आणि कशाचाही उपयोग नव्हता.

"आज मी खोटी पडले नाही," ती म्हणाली. "ती त्या सालांची कृपा. पण मी खोटी पडणार हे तुला माहीत होतं. आठ दिवस माहीत होतं. आणि आज सकाळी तू माझ्या शेजारी उभा राहिलास, आणि मला पडू देणार होतास."

"भीती वाटली गं," रेझाँ म्हणाला. एवढंच काय ते त्याच्याकडे खरं उरलं होतं. "तू जाशील म्हणून भीती वाटली."

नोएलाने मान डोलावली. त्यावर तिचा विश्वास बसला हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि डोळ्यांत पाणीही होतं. तिने पुढे होऊन, अडतीस वर्षांच्या सवयीने, त्याच्या माशातला एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग उठली आणि भिंतीवरच्या फोनशी गेली.

"मरियेत? मी बोलतेय. नाही गं, मासे छान झालेत. सुंदर लाल झालेत." ती क्षणभर थांबली. "सालं आता पाठवू नकोस. मीच येतेय."

मग तिने गुरुवारची बस मतानला किती वाजता पोचते ते विचारलं, आणि मरियेत सांगत होती ते कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून घेतलं.